नऊ फरशांची बर्फाळ नगरी : टेबलावरच्या खेळासाठी टेरेन उभारण्याचा अनुभव

कल्पनारम्य युद्धखेळांतले लहान पुतळे ज्या पडक्या भिंती, जिने, पूल आणि टेकड्यांमधून फिरतात, त्या सगळ्या मांडणीला खेळणारे टेरेन म्हणतात. हे टेरेन घरी बनवण्याविषयी इंग्रजीत पुष्कळ माहिती आहे, परंतु ती इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानांत काय मिळते आणि तिथल्या हवेत रंग किती वेळात वाळतो हे गृहीत धरून लिहिलेली आहे. पुण्यात, ऐन पावसाळ्यात, बोहरी आळी आणि टिंबर मार्केट या बाजारांच्या भरवशावर काम करणाऱ्याला त्यातले बरेचसे सल्ले जसेच्या तसे वापरता येत नाहीत. मे ते डिसेंबर २०२४ या काळात मी तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी एक उद्ध्वस्त नगरी बनवली. ज्यांना असे काही करायचे आहे आणि सुरुवात कुठून करावी हे समजत नाही, त्यांच्यासाठी त्या कामाची हकीकत इथे क्रमाने लिहीत आहे.

आमचा पाच जणांचा गट रविवारी दुपारी ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ हा खेळ खेळतो. ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. बर्फाखाली गाडली गेलेली जादूगारांची एक प्राचीन नगरी पुन्हा उघडी पडली आहे आणि तिच्या अवशेषांत दडलेला खजिना मिळवण्यासाठी प्रत्येक खेळाडू आपला जादूगार व त्याची छोटी टोळी घेऊन तिथे उतरतो, अशी त्याची कल्पना आहे. धनुष्याचा पल्ला २४ इंच आणि आमचे टेबल ३६ इंचांचे, त्यामुळे मधे आडोसे नसतील तर पहिल्याच फेरीत तिरंदाज सगळे मैदान राखून बसतो आणि बाकीच्यांना करण्यासारखे काही उरत नाही. वर्षभर आम्ही पुस्तकांचे ढीग आणि बुटांची खोकी मांडून खेळत होतो. खेळ चालत होता, पण ज्या नगरीची वर्णने आम्ही एकमेकांना करत होतो ती कुणालाच दिसत नव्हती. त्यामुळे नगरी बनवायची असे एप्रिलअखेरीस ठरले आणि खर्च पाच जणांत वाटून घेण्याचे मान्य झाल्यावर हात लावण्याची जबाबदारी मी घेतली.

मे महिना मी फक्त मोजमापांत घालवला, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत फलदायी महिना तोच होता. आमचे पुतळे साधारण २८ मिलिमीटर प्रमाणाचे, म्हणजे माणूस सुमारे सव्वा इंच उंच, आणि त्यांच्या पायाखालची चकती २५ मिलिमीटर व्यासाची. दार कितीही देखणे असले तरी त्यातून ही चकती गेली नाही तर ते दार खेळात भिंतच ठरते, म्हणून दाराची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायची नाही हा पहिला नियम केला. मजल्याची उंची तीन इंच ठेवली, कारण या खेळात चढताना प्रत्येक इंचाला दुप्पट चाल खर्च होते आणि तीन इंचांपेक्षा जास्त उंचीवरून पडले तर इजा होते. सहा इंच चालीचा सैनिक एका हालचालीत बरोबर एक मजला चढतो, आणि खेळाडूला मोजपट्टी न लावताही त्याचा अंदाज येतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पुतळा उभा राहावा असा हट्ट धरला तर जिनाच अर्धी फरशी खातो, त्यामुळे पायऱ्या अरुंद ठेवून मधे ३० मिलिमीटरचे सपाट टप्पे सोडले. दोन इमारतींमध्ये किमान दोन इंच अंतर हवे, कारण त्या गल्लीत पुतळा जातो तशी खेळणाऱ्याची बोटेही जावी लागतात. हे सगळे आधी जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापून, चिकटपट्टीने जोडून, टेबलावर मांडून पाहिले. पुठ्ठ्याच्या त्या ओबडधोबड नगरीत आम्ही दोन रविवार खेळलो आणि त्यातूनच नगरीतल्या वेधशाळेचा मनोरा मध्यावरून कोपऱ्यात गेला, कारण मध्यभागी उंच जागा मिळणारा खेळाडू प्रत्येक वेळी वरचढ ठरत होता.

संपूर्ण टेबल एकसंध न करता एक फूट बाजूच्या नऊ चौरस फरशा करायच्या असेही याच काळात ठरले. माझे घर दोन खोल्यांचे आहे, तीन फुटांची फळी ठेवायला जागा नाही, आणि फरशा फिरवून मांडल्या की दर वेळी नवी नगरी मिळते. त्यासाठी एकच बंधन पाळावे लागते: प्रत्येक रस्ता फरशीच्या कडेच्या बरोबर मध्यावर संपला पाहिजे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदी सुरू केली. मुख्य साहित्य म्हणजे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे पॉलिस्टायरीन फोमचा घट्ट तक्ता, जो गच्च्या आणि शीतगृहे यांच्या उष्णतारोधनासाठी वापरतात. तो नेहमीच्या थर्माकोलसारखा दाण्यादाण्यांचा नसतो. त्याची वीण बंद आणि एकसारखी असल्याने सुरीने कापला तर कड स्वच्छ येते आणि दाबून कोरलेली रेघ तशीच राहते. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर थर्माकोलची ताटे, पेले आणि सजावटीचे साहित्य यांवर बंदी आहे, त्यामुळे दुकानात जाऊन ‘थर्माकोल’ म्हटले की दुकानदार प्रथम नाहीच म्हणतो. ‘गच्चीच्या इन्सुलेशनचा एक्सपीएस बोर्ड’ असे नेमके मागावे. खरी अडचण किरकोळ खरेदीची आहे. हे व्यापारी ठेकेदारांना पूर्ण गठ्ठे विकतात, आणि जीएसटी क्रमांक नसलेल्या, पाच बोर्ड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावे हे त्यांनाही समजत नाही. फोनवर तीन-चार नकार ऐकल्यानंतर वॉटरप्रूफिंगचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात एका कामावरून उरलेले सुटे बोर्ड मिळाले. १२५० बाय ६०० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड सव्वातीनशेला आणि ५० मिलिमीटरचा सहाशेला पडला. पहिल्या प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचे दोन घेतले. रिक्षात हे बोर्ड मावत नाहीत. टेम्पो करण्यापेक्षा दुकानातच मोठ्या सुरीने अर्धे करून घ्यावेत.

फरशांच्या तळासाठी साडेपाच मिलिमीटर जाडीचे एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी, टिंबर मार्केटमधून घेतले आणि तिथेच एक फुटाचे चौरस कापून घेतले. कापाईसह अकराशे रुपये लागले. यंत्रावर एकदा माप लावून सगळे चौरस सलग कापायला सांगावे, म्हणजे ते एकमेकांना तंतोतंत जुळतात. बोहरी आळीत टोके मोडत जाता येणाऱ्या १८ मिलिमीटर पात्याची सुरी, पात्यांची दोन पाकिटे, पोलादी पट्टी आणि विजेने तापणाऱ्या निक्रोम तारेचा छोटा फोम-कटर घेतला. अप्पा बळवंत चौकातून फेविक्रिलचे ॲक्रेलिक रंग घेतले, आणि कोपऱ्यावरच्या रंगांच्या दुकानात बाहेरच्या भिंतींच्या इमल्शनचे एक लिटर यंत्रावर गडद करड्या छटेत बनवून घेतले. कलासाहित्याच्या लहान बाटल्यांतून नऊ चौरस फूट रंगवणे परवडत नाही, आणि मोठ्या भागांसाठी भिंतीचा रंग अधिक टिकाऊ असतो.

कापण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते. पाते लांब बाहेर काढून, बोर्डाशी तिरके धरून, आपल्याकडे सावकाश ओढायचे. एकाच जोरात आरपार जायचा प्रयत्न केला की कड फाटते. पाते बोथट झाल्याची पहिली खूण म्हणजे बारीक किरकिर आवाज, आणि तो ऐकू आला की टोक मोडून नवे टोक घ्यावे. तापलेल्या तारेने कापताना स्टायरीनची वाफ निघते आणि धुळीसाठीचा साधा मास्क ती अडवू शकत नाही, म्हणून मी ते काम फक्त खिडकीत, हवा बाहेर फेकणारा पंखा लावून, थोडा थोडा वेळ केले. पाऊस तिरका येत असेल त्या दिवशी खिडकी बंद ठेवावी लागे आणि काम थांबे. उरलेले तुकडे मात्र फेकू नयेत आणि कधीही जाळू नयेत. बोटांनी मोडलेल्या त्याच तुकड्यांतून पुढे ढिगाऱ्यांचे उत्तम दगड होतात.

भिंतींचे दगड कोरण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन पुरेसे आहे. आधी आडव्या रेघा, मग उभे सांधे, आणि वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही, कारण खरा गवंडी तसे बांधत नाही आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते कारण न कळताही खुपते. कोपऱ्यातला दगड दोन्ही बाजूंना एकच दिसला पाहिजे. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला गोळा पृष्ठभागावर फिरवला की दगडाचा खडबडीतपणा येतो, आणि पाच-सहा दगड पेनाच्या टोकाने थोडे आत दाबले की भिंत जुनी दिसू लागते. या कामासाठी मी जूनअखेरीस मुद्दाम शनिवारवाड्याची तटबंदी नीट पाहून आले. खालचे बांधकाम दगडी, वरचे विटांचे. पावसाचे पाणी जिथून ठिबकते तिथे खाली काळे ओघळ, सांध्यांत हिरवट शेवाळ, आणि उन्हापावसाला तोंड देणाऱ्या वरच्या कडा फिकट. खेळातली नगरी युरोपीय कल्पनेतली असली तरी दगड सगळीकडे त्याच रीतीने म्हातारा होतो, आणि छायाचित्रांपेक्षा भिंतीसमोर उभे राहून ते जास्त समजले.

पावसाळ्याची खरी कसोटी चिकटवण्यात लागली. फोमचे दोन तुकडे फेविकॉलने एकमेकांवर चिकटवले की मधल्या गोंदाला हवाच मिळत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत तो दिवसेंदिवस ओला राहतो. त्यामुळे प्रत्येक जोडात बांबूच्या काड्या आरपार खोचल्या आणि गोंद वाळेपर्यंत त्यांच्यावर भार राहू दिला. फेविक्विक इथे चालत नाही, ते फोमला खाते. एमडीएफच्या फक्त वरच्या बाजूला पाण्याचा गोंद किंवा रंग लावला तर फळी वाकते, म्हणून खालच्या बाजूलाही त्याच दिवशी रंगाचा हात दिला. जुलैच्या मध्यावर माझ्या बैठकीच्या खोलीत निळ्या फोमच्या नऊ फरशा आणि अर्धवट भिंती पसरलेल्या होत्या, कशालाच रूप आलेले नव्हते, आणि इतके पैसे आणि वेळ घालून यातून काही उभे राहील का, अशी शंका मनाला रोज लागत होती. हा टप्पा प्रत्येकाला येत असावा. त्या दिवसांत मी एकच छोटा तुकडा शेवटपर्यंत रंगवून समोर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत पुढचे काम केले.

फोममध्ये सगळे जमते, पण नाजूक जाळीच्या खिडक्या, कोरीव कमानी आणि पुतळ्यांचे चौथरे जमत नाहीत. त्यासाठी इंग्लंडमधल्या एका दुकानातून प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक संच जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागवला. पाठवणीच्या खर्चासह तो ५,६०० रुपयांच्या घरात गेला. पाकीट बारा दिवसांत मुंबईत पोहोचले आणि तिथे थांबले. कुरिअर कंपनीकडून ई-मेल आला की वैयक्तिक आयातीसाठी केवायसी हवे: आधार किंवा पॅनची प्रत, खरेदीचे बिल, पैसे भरल्याचा पुरावा. ती कागदपत्रे त्याच दिवशी पाठवली. चार दिवसांनी दुसरा प्रश्न आला. पाठवणाऱ्याने वेष्टनावर नुसते ‘टॉइज’ असे लिहिले होते, आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन लागते. तेव्हा ही वस्तू नेमकी काय आहे याचा खुलासा मागितला होता.

मी एका पानाचे पत्र लिहिले. त्यात वस्तू म्हणजे न जोडलेले प्लॅस्टिकचे भाग आहेत, ते जोडून व रंगवून प्रौढांच्या छंदासाठी वापरायचे आहेत, संख्या एक संच, विक्रीसाठी नाही, असे स्पष्ट लिहिले. सोबत खोक्यावरच्या वयोमर्यादेचे छायाचित्र आणि दुकानाच्या पानावरील वर्णन जोडले. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळणी आणि लहान प्रमाणातली मॉडेल्स ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात, तर टेबलावरच्या खेळांचे साहित्य ९५०४ खाली येते, त्यामुळे अधिकाऱ्याला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि उत्तर जितके नेमके तितके काम लवकर होते. पत्रानंतर आठवडाभराने शुल्काची रक्कम कळवली गेली. मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासह झालेल्या किमतीवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. पाठवणीचा खर्चही मूल्यात धरला जातो हे लक्षात ठेवावे. शुल्क ४,३०० रुपये आणि कुरिअरची सेवा फी सहाशे. पैसे ऑनलाइन भरले आणि ९ ऑगस्टला पाकीट घरी आले, तेव्हा जीव भांड्यात पडला. आता मागवताना मी दुकानाला आधीच लिहिते की बिलावर आणि वेष्टनावर वस्तूचे पूर्ण वर्णन, साहित्य आणि वयोमर्यादा लिहा. प्लॅस्टिक जोडण्याचा द्रवरूप सिमेंट गोंद आणि स्प्रेचे डबे हवाई मार्गाने मागवू नयेत. ते ज्वलनशील मालात मोडतात आणि पाकीटच अडकते.

पाकिटाची वाट पाहत असताना काही दारे, एक कारंजे आणि लोखंडी कठड्यांचे तुकडे थ्रीडी प्रिंट करून घेतले. प्रिंट करून देणाऱ्याने फाइलचा परवाना दाखवायला सांगितला, आणि ते योग्यच होते, कारण बहुतेक रचनाकार फक्त वैयक्तिक वापराची मुभा देतात आणि पैसे घेऊन छापायला स्वतंत्र परवानगी लागते. मी ज्याची फाइल विकत घेतली होती त्याला ई-मेल केला, त्याने दोन ओळींची संमती दिली, आणि काम पुढे सरकले. थराची जाडी ०.२ ऐवजी ०.१२ मिलिमीटर मागितली. वेळ वाढतो, पण रंगवताना थरांच्या रेघा उठून दिसत नाहीत. एकूण १,९०० रुपये लागले.

ऑगस्टचा उरलेला काळ जोडणीत गेला. प्लॅस्टिकचे भाग चौकटीतून कापताना निप्पर, म्हणजे बारीक कातरी पक्कड, भागाला लगटून न लावता थोडा देठ ठेवून कापावा आणि उरलेला देठ सुरीने खरवडावा. साच्याच्या सांध्याची बारीक कड बोटाला लागते ती पात्याच्या पाठीने काढावी, नाहीतर रंगानंतर ती पहिल्यांदा नजरेत भरते. लाकडी फळ्यांच्या जमिनीसाठी आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या, त्यांवर तारेच्या ब्रशने रेषा ओढल्या आणि टोके हाताने मोडली. दोरखंडांना सुतळीचा एक एक पदर पुरला. इमारतींचे वरचे मजले कुठेही चिकटवले नाहीत. ते उचलून बाजूला ठेवता येतात, म्हणजे आतल्या खोलीतला पुतळा हलवता येतो.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. घरात गणपती असल्याने बैठकीची खोली मोकळी करावी लागली आणि सगळ्या फरशा पलंगाखाली गेल्या. विसर्जनानंतर रंग सुरू केला. पहिला थर काळ्या ॲक्रेलिकचा, त्यात साधारण एक चतुर्थांश फेविकॉल आणि हात फिरेल इतके पाणी. या थराचे काम रंग देण्यापेक्षा कवच करण्याचे असते: फोमची छिद्रे बंद होतात, कडा कणखर होतात आणि पुढे स्प्रे मारताना त्यातला द्रावक फोम विरघळवत नाही. त्यामुळे दोन हात दिले, आणि बॅटरीच्या तिरक्या प्रकाशात प्रत्येक सांधा तपासला. जमिनीच्या मोकळ्या भागांवर भिंतीची पुट्टी, चाळलेली वाळू आणि फेविकॉल यांचे मिश्रण त्याआधीच पसरले होते.

त्यानंतरची रीत छंदातल्या लोकांना ड्राय ब्रशिंग म्हणून ठाऊक आहे. कुंचल्याला रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि मग पृष्ठभागावरून हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे रंग फक्त उंच भागांवर बसतो आणि खाचा काळ्या राहतात. यासाठी चित्रकलेच्या महागड्या कुंचल्यांपेक्षा तुळशीबागेत मिळणारे चेहऱ्याच्या पावडरचे गोल, मऊ ब्रश फार चांगले आहेत. साठ-सत्तर रुपयांचा एक ब्रश संपूर्ण नगरी रंगवून उरतो. गडद करडा, मग मधला करडा, मग थोडा पिवळसर पांढरा मिसळलेला फिकट करडा. दुसऱ्या छटेच्या वेळी काळ्या भिंतीतून एक एक दगड वर येऊ लागला तेव्हा मला झालेला आनंद मोठा होता. तीन महिने ज्या रेघा फक्त बोटांना जाणवत होत्या त्या प्रथमच डोळ्यांना दिसत होत्या. मधे मधे काही दगड तपकिरी, काही निळसर, काही हिरवट पातळ रंगाने वेगळे केले. सांध्यांसाठी काळा आणि तपकिरी रंग दहापट पाण्यात, भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून वापरला. त्या थेंबाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि रंग खाचांत आपोआप उतरतो. लोखंडी कठड्यांच्या गंजासाठी गेरू चाळून, अगदी थोडा, ओल्या रंगावर भुरभुरवला. शनिवारवाड्याचे ओघळ आठवून प्रत्येक खिडकीच्या उंबऱ्याखाली एक-दोन काळपट रेघा सोडल्या, आणि माझ्या मते भिंतींना वय आले ते या रेघांमुळे.

मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, वार्निशचा स्प्रे दमट हवेत मारला तर पांढरी साय धरतो, म्हणून पावसाळा संपेपर्यंत थांबले. घरात तो मारणे शक्य नव्हते. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते आणि मागे कुणाच्या तरी रंगकामाने गच्चीवर डाग पडल्यापासून लेखी अर्जाखेरीज ती मिळत नाही. अर्जात तारीख, वेळ, खाली ताडपत्री अंथरण्याची हमी आणि काम झाल्यावर जागा दाखवण्याचे आश्वासन लिहिले. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असल्याने परवानगी यायला १९ ऑक्टोबर उजाडला. सकाळी, वारा पडलेला असताना, एक फूट अंतरावरून पातळ दोन थर दिले. अशी परवानगी लागणार असेल तर अर्ज महिनाभर आधी द्यावा.

एका कोपऱ्यातल्या टेकडीचे काम मी मुद्दाम पावसानंतरसाठी ठेवले होते, कारण त्यात प्लास्टर होते. त्याच सुमारास आमच्या आवारात मुलांनी दिवाळीचा किल्ला घालायला घेतला. विटा आणि दगड रचून त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरायचे, आणि ओले असतानाच बोटांनी दऱ्या-कपाऱ्या काढायच्या, ही त्यांची पद्धत माझ्या टेकडीला तंतोतंत लागू पडली. मी विटांच्या जागी चुरगळलेली वर्तमानपत्रे घेतली आणि गोणपाटाच्या जागी औषधांच्या दुकानात मिळणारे, हाड मोडल्यावर बांधतात ते प्लास्टर बँडेज. चार इंची एक गुंडाळी शंभर रुपयांच्या आत मिळते, कोमट पाण्यात बुडवून पसरले की काही मिनिटांत घट्ट होते, आणि दोन दिवसांनी त्यावर रंग बसतो.

शेवटी बर्फ. अनेक जण खाण्याचा सोडा आणि गोंद यांचा बर्फ करतात, पण तो काही काळाने पिवळा पडतो. मी शिरगोळ्याची पांढरी रांगोळी वापरली. ती खनिजाची भुकटी असल्याने तिचा रंग टिकतो, आणि दिवाळीच्या दिवसांत हवी तितकी मिळते. दोन भाग रांगोळी, एक भाग फेविकॉल, एक भाग पांढरा ॲक्रेलिक रंग, आणि जुन्या ब्रशने थापता येईल इतके पाणी. मिश्रणाचा नमुना फोमच्या तुकड्यावर लावून सप्टेंबरातच खिडकीत ठेवला होता. महिनाभर उन्हात राहूनही तो पांढरा होता, तेव्हाच नगरीला हात लावला. बर्फ कुठे घालावा यावर मात्र थांबून विचार करावा. सगळीकडे सारखा पसरला तर इतक्या कष्टाने आणलेले दगड झाकले जातात. मी वारा एकाच दिशेने आला असे धरले आणि सर्व फरशांवर त्याच बाजूच्या कोपऱ्यांत, भिंतींच्या माथ्यांवर, पायऱ्यांच्या आतल्या कडेला बर्फ साठवला. मात्र फरशा फिरवून मांडायच्या असल्याने दिशेची खूण प्रत्येक फरशीच्या तळाला केली आहे. कारंज्यातल्या गोठलेल्या पाण्याला फिकट निळ्यावर ग्लॉस वार्निशचे थर दिले.

१५ डिसेंबरला, रविवारी, पहिला खेळ झाला. सहा तास चालला. तिरंदाजांना सरळ मोकळी रेषा फक्त मुख्य रस्त्यावर मिळाली आणि तो रस्ता ओलांडायचा की नाही यावर प्रत्येकाला विचार करावा लागला, म्हणजे मे महिन्यातल्या मोजमापांचे चीज झाले. एका चौकात आडोसा कमी पडतो असे सर्वांचे मत आले, म्हणून तिथे ठेवायला दोन मोडक्या गाड्या आणि एक कोसळलेली कमान उरलेल्या फोममधून नंतर केली. सुट्या वस्तू फरशीला न चिकटवता वेगळ्या ठेवल्या तर अशा दुरुस्त्या सोप्या जातात.

एकूण खर्च साडेबावीस हजारांच्या आसपास झाला. त्यातले सुमारे साडेदहा हजार एकट्या परदेशी संचावर, शुल्क आणि फीसह. बोर्डांना २,१७५, हत्यारांना सोळाशे, सर्व रंग, ब्रश आणि वार्निश मिळून तीन हजारांच्या थोडे वर, गोंद, पुट्टी आणि प्लास्टरला नऊशे. बाराशे रुपयांची झाकणाची खोकी घेतली असून प्रत्येक फरशी उभी न ठेवता आडवी ठेवते, मधे फोमची पातळ पट्टी असते, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने नऊ फरशांचे साहित्य एकदम घेऊ नये. एक एमडीएफचा चौरस, एक २५ मिलिमीटरचा बोर्ड, सुरी, फेविकॉल, तीन रंग आणि पावडरचा एक ब्रश इतके घेऊन एक फरशी आणि तिच्यावरचा एक पडका कोपरा पूर्ण करावा. हत्यारांसह त्याला हजार-बाराशे रुपये लागतात, आणि परदेशातून काही मागवायची गरज आहे का, हे त्या फरशीवर दोन खेळ खेळल्यावर ठरवता येते.